गेज हलकं, सिलेंडर जड: अमळनेरच्या शेव कारखान्यातलं एक प्रकरण

तक्रार अशी होती की एजन्सी सिलेंडर पूर्ण भरून देत नाही, आणि वजन जुळावं म्हणून आत पाणी घालते. तक्रार करणारे आप्पा अमळनेर-धुळे रस्त्यावर शेव-फरसाणचा कारखाना चालवतात. पुराव्यादाखल त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. पहाटे चारला भट्ट्या पेटवल्या की कधी साडेचारला, कधी सातला ज्योत बसते, तेल थंड पडतं आणि शेव तेल पिते. दुसरी गोष्ट म्हणजे काढून ठेवलेला ‘रिकामा’ सिलेंडर हलवला की आत काहीतरी डुचमळतं. गॅस संपला तरी डुचमळतं म्हणजे ते पाणीच, असा सरळ हिशेब. कारागिरांपैकी एकजण मात्र वेगळंच सांगत होता. त्याचं म्हणणं एका वाक्याचं: “आप्पा, गॅस शे, पन येत नई.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. प्रकरण सुटलं ते त्याच्याच वाक्याने.

हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि असे कारखाने यांची गॅस लाइन टाकणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. जळगाव-धुळे पट्ट्यात डिसेंबर ते फेब्रुवारी ही तक्रार कुठून ना कुठून येतेच. आप्पांचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण तिथे वजनकाटा होता, रोजचा वापर ठरलेला होता आणि मालकाला हिशेबाची आवड होती. एरवी लग्नाच्या स्वयंपाकात कोण काटा मांडत बसणार.

मांडणी अशी होती. १९ किलोचे आठ व्यावसायिक सिलेंडर, चार डावीकडे, चार उजवीकडे. एका वेळी एक बाजू चालू, दुसरी राखीव. कारखान्याच्या उत्तरेच्या भिंतीला टेकून पत्र्याचं शेड, त्यात सिलेंडरांची ही रांग, म्हणजे बँक. प्रत्येक सिलेंडरपासून पिगटेलने (छोट्या जोडनळीने) मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक पाइपला, मॅनिफोल्डवर दाब दाखवणारं गेज, मग रेग्युलेटर. रेग्युलेटर पुढच्या लाइनला ०.७ किलोचा दाब देईल असा लावलेला. (आमच्या धंद्यात चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे नुसतं ‘एक किलो’, एक बार म्हटलं तरी जवळपास तेच.) आत तीन भट्ट्या, तिन्ही पूर्ण चालल्या तर तासाला साधारण पाच किलो गॅस. शंभर किलोपेक्षा जास्त साठ्याला लागणारा पेसोचा (केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा खात्याचा) परवाना आप्पांकडे होता, आणि तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. ही खात्याची शिस्त किती ठिकाणी पाळली जाते ते मी इथे लिहीत नाही.

पहिला धागा वारावरून मिळाला. त्रास कोणत्याही दिवशी व्हायचा, पण मंगळवारी हमखास. अमळनेरला मंगळग्रह मंदिर आहे, मंगळवारी बाहेरगावची गर्दी लोटते, त्यामुळे मंगळवारच्या पहाटे तिन्ही भट्ट्या एकदम लागतात. इतर दिवशी दोनच. एजन्सी काही वार पाहून गॅस कमी भरत नाही. दुसरा धागा महिन्यांचा. एप्रिल-मेमध्ये तक्रार शून्य. आप्पांच्या मते एजन्सीवाला उन्हाळ्यात प्रामाणिक आणि थंडीत चोर होता, आणि यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं.

म्हणून जानेवारीतल्या एका मंगळवारी, पहाटे चारला शेडमध्ये उभे राहिलो. हवा ९ अंश. डाव्या बाजूचे चारही सिलेंडर आदल्या संध्याकाळी आलेले, सीलबंद. आधी प्रत्येक सिलेंडर बेसनाची पोती तोलायच्या काट्यावर चढवला. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलेंडरचं वजन कोरलेलं असतं. त्यातल्या एकावर १७.२ होतं आणि काटा ३६.२ दाखवत होता. १९ किलो बरोबर. बाकीचे तीनही शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत. तिथेच अर्धी तक्रार निकालात निघाली, पण आप्पा म्हणाले, “वजन बरोबर, पण आत गॅस किती आणि पाणी किती ते काट्याला काय कळतं?” मुद्दा रास्त होता.

गेज सुरुवातीला २.३ किलो दाखवत होतं. एका सिलेंडरला द्रवाच्या पातळीच्या बऱ्याच खाली थर्मामीटरचं टोक पत्र्याला टेकवलं, वरून थर्माकोलचा तुकडा दाबून बांधला, म्हणजे हवेचं नाही, आतल्या द्रवाचं तापमान कळावं. तिन्ही भट्ट्या लागल्या. पाच वाजता थर्मामीटर दीड अंशावर आणि गेज १.६ वर. सहाला उणे तीनच्या पुढे, गेज १.१. सातला उणे सात-आठ, गेज पाऊण किलो. रेग्युलेटरला पुढे ०.७ द्यायचाय आणि मागून ०.७५ च येतोय. आता तो रेग्युलेटर उरला नाही, नुसता नळ झाला. ज्योत निळी होती ती आखडली, कढईच्या मधोमध गोळा झाली. कारागिराने सोऱ्या बाजूला ठेवला.

त्या वेळी त्या सिलेंडरमध्ये पंधरा किलोहून जास्त गॅस शिल्लक होता. काट्यावर चढवून दाखवला तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत.

सिलेंडरकडे नीट पाहिलं तर सगळं लिहिलेलं होतं. वरचा भाग कोरडा, खालच्या भागावर पांढरी, खरखरीत बर्फाची साय. ती साय एका आडव्या रेषेवर थांबलेली, पट्टी लावून आखल्यासारखी. ही रेषा म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. रेषेखाली द्रव उकळतोय आणि पत्र्याची उष्णता ओढतोय, रेषेवर नुसती वाफ आहे. शेजारच्या शेतात रात्रभर गव्हाला पाणी चालू होतं, हवेत ओल होती, म्हणून साय एवढी ठसठशीत धरली. कोरड्या हवेत ती दिसत नाही, फक्त हाताला गारवा लागतो.

आता कारण. एलपीजी सिलेंडरमध्ये हवेसारखा कोंबलेला नसतो. तो द्रव असतो, वर थोडी जागा वाफेला. १९ किलो भरलेल्या सिलेंडरमध्ये साधारण तीन-चतुर्थांशाहून थोडी जास्त जागा द्रवाची. वरची वाफ आपण वापरतो, तिची जागा भरायला खालचा द्रव उकळतो. म्हणून हलवल्यावर डुचमळतं ते पाणी नसतं, गॅसच असतो. या बंद भांड्यात दाब किती, हे द्रव किती उरलाय यावर ठरत नाही. द्रव किती गरम आहे आणि कशाचा आहे, या दोन गोष्टींवर ठरतं. पंधरा किलो असो की दोन किलो, तापमान आणि मिश्रण तेच असेल तर गेज तेच दाखवणार. लोक गेजकडे मोटारसायकलच्या पेट्रोल काट्यासारखं पाहतात, तिथून सगळा घोटाळा सुरू होतो. एलपीजीच्या बँकेवरचं गेज हे अर्धंअधिक थर्मामीटर आहे. शिल्लक मोजायची तर वजनकाट्याला पर्याय नाही.

एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. उघड्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास. म्हणजे ब्यूटेनचं शून्यापाशी उकळणं संपतंच. त्याखाली तो सिलेंडरमध्ये नुसता द्रव म्हणून पडून राहील. प्रोपेनला आपल्या थंडीची पर्वाच नाही. शून्य अंशाला प्रोपेनचा निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून; गेज त्यातला एक बार वजा करून दाखवतं) पावणेपाच बार, ब्यूटेनचा जेमतेम एक. चाळीस अंशांना प्रोपेन पावणेचौदा, ब्यूटेन पावणेचार. वाढ सरळ रेषेत नाही, प्रत्येक दहा अंशांमागे पटीत होते: ब्यूटेनचा दाब शून्यावरून दहा अंशांवर जाताना चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो.

मिश्रणाचा दाब काढायचा ठोकळ नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राउल्टने १८८० च्या दशकात मांडला. प्रत्येक घटकाचा स्वतःचा बाष्पदाब घ्यायचा, त्याला द्रवातल्या त्याच्या रेणूंच्या वाट्याने गुणायचं आणि बेरीज करायची. प्रोपेन-ब्यूटेनला हा नियम चांगला लागू पडतो, कारण दोघे एकाच घराण्यातले. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्यूटेन जास्त आणि प्रोपेन कमी असतो; नेमकं प्रमाण रिफायनरीप्रमाणे आणि खेपेप्रमाणे बदलतं. हिशेबासाठी मी चाळीस भाग प्रोपेन, साठ भाग ब्यूटेन धरतो. नऊ अंशांना या मिश्रणाचा हिशेब २.३ किलो येतो, आणि गेज तेवढंच दाखवत होतं. असं दशांशापर्यंत जुळणं नेहमी होत नाही, हेही सांगून ठेवतो. आयसोब्यूटेन आणि इतर घटक थोडं इकडेतिकडे करतात.

पण नियमाचा महत्त्वाचा भाग पुढे आहे. वरच्या वाफेत प्रोपेनचा वाटा द्रवापेक्षा कितीतरी जास्त असतो. दहा अंशांना, द्रवात चाळीस टक्के प्रोपेन असताना वाफेत तो सुमारे चौऱ्याहत्तर टक्के निघतो. आपण वाफच वापरतो, म्हणजे आधी प्रोपेन जाळतो आणि ब्यूटेन मागे ठेवतो. सिलेंडर वजनाने अर्धा होईपर्यंत द्रवात प्रोपेन पंधरा टक्क्यांच्या आसपास उरतो. पाच किलो उरले की तीन टक्के. त्याच सिलेंडरच्या तोंडचा आणि बुडाचा गॅस हे दोन वेगळे पदार्थ आहेत म्हटलं तरी चालेल. चाळीस-साठच्या हिशेबाने गेजवर येणारा दाब असा:

| द्रवाचं तापमान | नवा भरलेला | पाच किलो उरलेला |
|---|---|---|
| ० अंश | १.५ किलो | ०.१ किलो |
| १० अंश | २.४ किलो | ०.६ किलो |
| २० अंश | ३.६ किलो | १.३ किलो |
| ३० अंश | ५.० किलो | २.१ किलो |
| ४० अंश | ६.७ किलो | ३.१ किलो |

उजवा रकाना पाहा. आप्पांच्या ‘पाण्या’चं रहस्य तिथे आहे. जानेवारीच्या पहाटे पाच किलो शिल्लक असलेला सिलेंडर लावला तर सुरुवातीलाच ०.६ च्या खाली, आणि भट्टी पेटून द्रव शून्यावर आला की गेज टेकलं. कारागीर तो रिकामा म्हणून काढतो. तोच सिलेंडर दुपारी एकला उन्हात जोडला तर दोन किलो दाब दाखवतो. कारखान्यात हे बऱ्याचदा झालं होतं आणि त्याचा अर्थ असा लावला गेला होता की पाणी खाली बसलं की गॅस वर येतो!

राखीव बाजूचे अर्धे वापरलेले चार सिलेंडरही त्याच आठवड्यात पहाटे लावून पाहिले. सुरुवात १.१५ किलोने, आणि तिन्ही भट्ट्यांवर अर्ध्या तासातच ज्योत मान टाकते. प्रोपेन कमी, द्रव कमी म्हणून लवकर थंड होतो, आणि पत्र्याला टेकलेला ओला भागही कमी म्हणून बाहेरची उष्णता आत येते तीही कमी. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने मारतात. कधी साडेचार, कधी सात, याचा उलगडा इथे झाला: त्या पहाटे कोणती बाजू चालू होती त्यावर ते अवलंबून होतं.

द्रव थंड का होतो, तर माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. एक किलो एलपीजीची वाफ व्हायला सुमारे ३६५ किलोजूल उष्णता लागते. ती बाहेरच्या हवेने पुरवायची. हवा जेवढी पुरवू शकत नाही तेवढी द्रव स्वतःच्या अंगातून देतो. भरलेल्या सिलेंडरमध्ये द्रव आणि पोलाद मिळून एक अंश उतरायला साधारण पन्नास किलोजूल जातात. हवेने काहीच दिलं नाही तर एका किलोमागे सात अंशांची उतरण. पाच-सहा किलोच उरले असतील तर सोळा अंशांच्या आसपास.

यातली एक गंमत मला दर वेळी नव्याने वाटते. तासाला पाच किलो गॅस जाळून त्या तीन भट्ट्या साठ किलोवॉटहून जास्त आग देत होत्या. एवढा गॅस उकळायला सिलेंडरांना हवी होती ती फक्त अर्धा किलोवॉट ऊब, म्हणजे आगीच्या एक टक्क्याहूनही कमी. चार सिलेंडरांत वाटली तर प्रत्येकी सव्वाशे वॉट. स्थिर हवेत, भरलेल्या सिलेंडरच्या ओल्या पत्र्यातून प्रत्येक अंशाच्या फरकामागे फार तर सहा वॉट आत येतात. सव्वाशे वॉट हवे तर द्रव हवेपेक्षा वीस अंश थंड व्हायला हवा. मे महिन्यात हवा चाळीस अंश असते, द्रव वीसवर आला तरी साडेतीन किलो दाब मिळतो, कुणाला काही कळतही नाही. जानेवारीत नऊमधून वीस वजा केले की उणे अकरा. घरच्या शेगडीला हा त्रास होत नाही, कारण मोठा बर्नरसुद्धा तासाला दीड-दोनशे ग्रॅमवर भागवतो. सातपुड्यात तोरणमाळकडे पहाटे पारा शून्याकडे झुकतो तेव्हा मात्र अर्ध्या सिलेंडरवर चहालाही वेळ लागतो.

कारखान्यात यावर जे उपाय चालू होते ते पाहून मला जास्त काळजी वाटली. ज्योत बसली की सिलेंडर आडवा करायचा. आडवा केला की जोर येतो, हे खरं. पण येतो तो वाफेचा नाही. द्रवच पिगटेलमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरहून जास्त गॅस होतो. तो रेग्युलेटरमधून पुढे गेला तर बर्नरवर हातभर पिवळी झळ उठते, आणि कढईत उकळतं तेल असतं. एका भट्टीमागच्या भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर काजळीचा फराटा होता. कशाने झाला हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

दुसरा उपाय घमेल्यात निखारे घेऊन बँकेजवळ ठेवण्याचा. याबद्दल मी आवाज चढवूनच बोललो. द्रवाच्या पातळीखाली ज्वाळा लागली तर द्रव उष्णता शोषून घेतो; पातळीच्या वर लागली तर मागे नुसती वाफ आहे, ती पत्र्याला थंड ठेवू शकत नाही. पोलाद तापलं की त्याची ताकद जाते, आणि आत दाब चढलेला असतो. सिलेंडर फुटतात ते असे. शिवाय गळलेला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, जमिनीसरशी वाहतो, निखारे कुठे आहेत ते शोधत जातो. तिसरा उपाय उकळतं पाणी ओतण्याचा. त्याने पाच-दहा मिनिटं मिळतात, मग तेच पाणी बुडाच्या कड्यात साचतं आणि गंज धरतो. कोमट पाण्याने ओली केलेली गोणपाटं त्यातल्या त्यात निरुपद्रवी, पण उणे सातला पत्र्यावर त्याचाच बर्फ होतो आणि तो बर्फ उष्णता अडवतो.

मग केलं काय? सगळ्यात उपयोगी पडलेला बदल फुकटचा होता. बाजू बदलण्याचा क्रम उलटा केला. पहाटे चार ते नऊ फक्त भरलेले किंवा दोन-तृतीयांशाहून जास्त शिल्लक असलेले सिलेंडर. उरलेले, बुडाचे सिलेंडर दुपारी अकरानंतर. दुपारी हवा अठ्ठावीस-तीसवर असते, दोनच भट्ट्या चालतात, तेव्हा ब्यूटेनही निमूट उकळतो. प्रोपेन थंडीसाठी राखायचा आणि ब्यूटेन उन्हात जाळायचा, एवढाच विचार. आधी चालायचं नेमकं उलट: दुपारी नवे सिलेंडर जोडून त्यातला प्रोपेन उधळायचा आणि पहाटे बुडाशी झगडायचं. आप्पांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, “मंग काय, दुपारले शेव तळू का आम्ही?” असं म्हणाले होते. शेव पहाटेच, पण पापडी आणि शेंगदाणे दुपारवर ढकलता आले.

दुसरा बदल, मंगळवारी दोन्ही बाजू एकदम उघड्या. आठ सिलेंडरांत वाटणी झाली की प्रत्येकावरचा भार निम्मा, द्रव हवेपेक्षा दहा-अकरा अंशच खाली राहतो. यात एक खाच आहे. भरलेला आणि अर्धा सिलेंडर एकाच मॅनिफोल्डला जोडले तर जास्त दाबाच्या सिलेंडरमधली प्रोपेनची वाफ कमी दाबाच्या थंड सिलेंडरमध्ये शिरते आणि तिथे जाऊन द्रव होते. त्यामुळे प्रत्येक पिगटेलला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवा. आठपैकी तीन व्हॉल्व्ह नव्हतेच, दोन अडकलेले होते.

तिसरा बदल खर्चाचा: शेड उत्तरेच्या भिंतीवरून पूर्वेला, परवान्यात नकाशा बदलून घेऊन. तिथे थंडीत सकाळचं ऊन लवकर येतं, दुपारनंतर सावली. दोन बाजू मोकळ्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळती राहते; वाहत्या हवेतून सिलेंडरला उष्णता जास्त मिळते आणि गळती झालीच तर साचत नाही. कोंदट जागेत सिलेंडर ‘उबेला’ ठेवण्याची हौस दोन्ही अर्थांनी चुकीची.

फरक काट्यावर दिसला. आधी परत जाणाऱ्या सिलेंडरांत सरासरी पाच किलोच्या आसपास गॅस राहायचा, एकात ५.३ भरला होता. चार सिलेंडर घ्यायचे आणि त्यातला एक न वापरता परत द्यायचा, असा तो व्यवहार. क्रम बदलल्यावर शिल्लक एक किलोच्या आत आली. आता रिकामा ठरवायचा तो गेज पाहून नाही, काट्यावर चढवून, कोरलेलं वजन वजा करून. खडूने सिलेंडरवर आकडा लिहायची पद्धत आप्पांनी स्वतः सुरू केली.

एजन्सीवर मात्र त्यांचा एक आक्षेप शिल्लक होता आणि तो मला पूर्ण खोडता आला नाही: थंडीत जास्त प्रोपेनचा गॅस का देत नाहीत? आयएस ४५७६ या भारतीय मानकात मिश्र एलपीजीच्या बाष्पदाबाला ४० अंशांना १०५० किलोपास्कल, म्हणजे साधारण साडेदहा किलो, अशी कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही. दुसरी अट अशी की ९५ टक्के गॅस २ अंशांपर्यंत उडून जायला हवा, म्हणजे जड, न उडणारा माल मिसळता येत नाही. आपलं चाळीस-साठचं मिश्रण ४० अंशांना पावणेसात किलो देतं. ब्यूटेन आणखी वाढवला तरी मानकात बसतं. मानकाची नजर उन्हाळ्यावर आहे, आणि ज्या देशात बहुतेक ठिकाणी पारा शून्यावर जात नाही तिथे ते समजण्यासारखं आहे. युरोपात वाहनांच्या गॅसमध्ये हिवाळ्याला प्रोपेन वाढवतात. आपल्याकडे एजन्सीच्या हातात तसं काहीच नसतं, तिला भरून आलेला सिलेंडर पोचवायचा असतो.

मेमध्ये पुन्हा फोन आला. तोपर्यंत शेड हलवायचं काम मंजुरीसाठी अडलं होतं, बँक जुन्याच जागी, आणि उत्तरेच्या शेडला उन्हाळ्यात उतरतं ऊन तिरपं लागतं. तक्रार आता वासाची. हवा चव्वेचाळीस, पत्रा तापलेला, सिलेंडरच्या अंगाचं तापमान ५२. त्या तापमानाला नव्या सिलेंडरचा हिशेब सव्वानऊ किलोवर जातो. गेज ० ते ७ चं होतं, काटा शेवटच्या खिळ्याला टेकून वाकला होता. जानेवारीतले २.३ आणि मेमधले ९.३, गॅस तोच, भरणाही तोच. मधे फक्त खान्देशचं हवामान.

वास दोन पिगटेलच्या वॉशरमधून येत होता. थंडीत आम्ही प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला होता, एक बुडबुडा आला नव्हता. सव्वादोन किलोवर जो वॉशर धरतो तो सव्वानऊवर धरेलच असं नाही, त्यातून रबर उन्हाने कडक झालेलं. तेव्हापासून थंडीत केलेल्या कामाची चाचणी मी गॅसच्या स्वतःच्या दाबावर घेत नाही. सिलेंडर वेगळे करून, मॅनिफोल्डमध्ये नायट्रोजन भरून, उन्हाळी दाबाच्या वर नेऊन बघतो. वॉशर बदलले, गेज ० ते १६ चं बसवलं, आणि शेड हलेपर्यंत पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरं छप्पर टाकलं. सिलेंडर ५२ वरून हवेच्या तापमानाजवळ आले, म्हणजे दाब साडेसात किलोच्या आसपास. पहिल्या टप्प्यातला रेग्युलेटरही बदलावा लागला. मागचा दाब चौपट झाल्यावर तो बंद असतानाही पुढे झिरपू देत होता, आणि सकाळी भट्टी पेटवताना पहिली ज्योत उडी मारायची.

व्हेपोरायझरचा विषय दोनदा निघाला. त्यात सिलेंडरमधून वाफ नाही, द्रवच नळीने बाहेर घेतात (त्यासाठी लिक्विड ऑफ-टेकचे वेगळे सिलेंडर येतात) आणि गरम पाण्याच्या टाकीतून नेऊन त्याची वाफ करतात. प्रोपेन आणि ब्यूटेन भरलेल्या प्रमाणातच जळतात, बुडाशी काही उरत नाही, हवा किती थंड आहे याचा संबंध राहत नाही. लागणारी वीज फारच थोडी, वर काढलेली तीच अर्धा किलोवॉट. तासाला पाच किलोच्या वापराला मी ते सुचवलं नाही: वीज गेली की भट्टी बंद, देखभालीला माणूस हवा, आणि नुसता क्रम बदलून काम भागत होतं. आप्पांना दिवाळीपर्यंत चौथी भट्टी लावायची आहे. मग वापर तासाला सात किलोच्या आसपास जाईल, आणि आठ सिलेंडर उघडे ठेवले तरी जानेवारीतली मंगळवारची पहाट निभावणार नाही. म्हणून व्हेपोरायझरचा अंदाजखर्च मी काढून दिलाय.